राजधानी गेली, विद्यापीठ राहिलें

नगराचें माहात्म्य गाणारें लिखाण त्याच्या स्थापनेपासून सुरू होतें आणि प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपाशीं संपतें. आपल्याकडील जुनीं क्षेत्रमाहात्म्यें घ्या किंवा अमेरिकेंतील नगरवर्णनें घ्या, दोहोंचा घाट एकच. अशा वर्णनांत काय गाळलें आहे हें पाहिल्यावांचून नगराची योग्यता ठरवूं नये, असें आमचें मत आहे. साहित्यनगरी म्हणून नांवाजलेल्या आयोवा सिटीचा विचार आम्ही त्याच रीतीनें करणार आहों.

आयोवा राज्यांतील हें विद्यापीठाचें शहर. २०२० च्या शिरगणतींत त्याची वस्ती सुमारें ७५ हजार भरली. त्याची कथा १८३९ पासून सांगण्याची चाल आहे. त्या सालीं प्रांताची राजधानी म्हणून आयोवा नदीच्या काठीं त्याची आंखणी झाली आणि पुढल्या वर्षीं ४ जुलैस विधिमंडळाच्या दगडी इमारतीची कोनशिला बसली. परंतु ही भूमि कांहीं बेवारस पडलेली नव्हती. अवघ्या दोन वर्षांपूर्वीं, १८३७ च्या करारानें, ती सॉक व मेस्क्वाकी लोकांकडून घेण्यांत आली होती. माहात्म्यकार येथें घाईनें पान उलटतात. टीकाकारानें तसें करूं नये.

१८५७ सालीं राजधानी डी मॉईनला गेली. त्याच सालीं मेस्क्वाकी लोकांनीं ह्याच नदीच्या काठीं, वरच्या अंगास टेमा परगण्यांत, ८० एकर जमीन दाम मोजून विकत घेतली. त्यांची वसाहत तेथें आजही नांदते आहे. एकाच वर्षीं सत्ता ह्या नदीकाठाहून निघून गेली आणि सत्तेनें हुसकलेले लोक त्याच नदीकाठीं परत आले. शहराच्या इतिहासांत ह्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं लिहिल्या पाहिजेत.

राजधानी गेली कीं गांवाची रया जाते, असा सर्वत्र अनुभव आहे. आयोवा सिटीस विद्यापीठानें तारलें. आयोवास राज्याचा दर्जा मिळाल्यावर दोन महिन्यांच्या आंत, फेब्रुवारी १८४७ मध्यें, त्याचा कायदा झाला होता. १८५५ त अध्यापन सुरू झालें तें स्त्रीपुरुषांना सारखाच प्रवेश देऊन. विधिमंडळाची रिकामी इमारत विद्यापीठास मिळाली. २००१ सालीं दुरुस्ती चालू असतां आग लागून तिचा सोनेरी घुमट जळाला, तो पुन्हां उभारून २००६ त ती लोकांस खुली झाली. पेगी गुगेनहाइम हिनें १९५१ त दिलेलें जॅक्सन पोलॉकचें ‘म्यूरल’ हें भव्य चित्रही विद्यापीठाच्याच संग्रहांत आहे.

पण युनेस्कोनें २००८ सालीं ह्या शहरास साहित्यनगरीची पदवी दिली ती वास्तूंसाठीं नव्हे. तिच्या मुळाशीं १९३६ त स्थापन झालेली लेखकांची कार्यशाळा आहे. साहित्य शिकवितां येतें काय, हा वाद येथें उभा राहतो. मेजाभोंवतीं बसून सहाध्यायांनीं एकाची कथा चिरफाडावी आणि कर्त्यानें मुकाट्यानें ऐकावें, ही तेथली रीत. तिनें लेखनांतील गबाळेपणा जातो खरा. पण कोणासच न खुपणारें, एका सांच्यांतलें लेखन वाढीस लागण्याचें भयही तिच्याच पोटीं आहे. हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. मात्र प्रतिभा घडविण्याचा दावा खुद्द कार्यशाळाही करीत नाहीं. फ्लॅनरी ओकॉनर १९४५ त आयोवास आली ती वृत्तपत्रविद्या शिकण्यास. तिचे दक्षिणी उच्चार कार्यशाळेचा चालक पॉल एंगल ह्यास उमजेनात, म्हणून आपलें म्हणणें तिला लिहून दाखवावें लागलें, असें त्यानेंच सांगितलें आहे. तिची भाषा व तिची दृष्टि जॉर्जियाची होती. आयोवानें तिला सवड दिली आणि मन लावून वाचणारे दिले. आमच्या मतें कार्यशाळेचें यश एवढेंच, आणि तें थोडें नव्हे.

म्हणूनच कार्यशाळेहून आम्हांस १९६७ त एंगल आणि चिनी लेखिका न्ये हुआलिंग ह्यांनीं आरंभिलेला आंतरराष्ट्रीय लेखनाचा उपक्रम अधिक मोलाचा वाटतो. त्यांत शिकवणी नाहीं. परदेशचा लेखक येतो, राहतो, आपल्या भाषेंत लिहितो. दीडशेंहून अधिक देशांचे लेखक असे येऊन गेले. आपले दिलीप चित्रे हेही १९७५ ते १९७७ ह्या काळांत तेथें होते. साहित्यनगरी हें नांव शोभतें तें ह्या आतिथ्यामुळें.

ह्या उपक्रमास अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचें अनुदान होतें; २०२५ सालीं सरकारनें तें थांबविलें. सरकारी पैशावर चाललेल्या आतिथ्यास सरकारची मर्जी सांभाळावी लागते, हा दोष कबूल केलाच पाहिजे. पण सरकारनें पाठ फिरविल्याचा प्रसंग ह्या शहरास नवा नाहीं. राजधानी गेली तेव्हां तिच्या रिकाम्या दालनांत त्यानें पाठशाळा भरविली. अनुदान गेल्यावर पाहुण्यांसाठीं तें आपली दारें स्वतःच्या बळावर उघडीं ठेवितें काय, ह्यावरच त्या पदवीचा खरेखोटेपणा आतां ठरावयाचा आहे.