प्रश्नावली आणि वैद्याचे मौन

पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाने पीडित रुग्णाचे जीवनमान मोजण्यासाठी युरोपीय कर्करोग संशोधनसंस्थेच्या दोन प्रश्नावल्या बहुधा वापरल्या जातात : १९९३ ची ३० प्रश्नांची सामान्य प्रश्नावली आणि २००८ मध्ये कसोटीस उतरलेली २५ प्रश्नांची पुरवणी. वैद्याच्या अनुमानाहून रुग्णाची साक्ष श्रेष्ठ मानणे, हा त्यांचा मोठाच गुण होय. तथापि रुग्णास आपल्या उपचाराचे ज्ञान आहे, हे त्यांत गृहीत धरलेले आहे. बुलढाणा जिल्ह्यात हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

या रोगाची वाढ पुरुषी संप्रेरकावर अवलंबून असते, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. म्हणून रोग पसरल्यावर वृषणच्छेदन करतात किंवा संप्रेरकरोधक औषधे देतात. त्यामुळे अंगातून वाफा निघतात. पुरवणीत त्याविषयी प्रश्न आहे. ज्याला हा परिणाम कोणी सांगितलाच नाही, तो खामगावच्या वैशाखात वाफांचे खापर उन्हावर फोडून ‘मुळीच नाही’ असे उत्तर देण्याचा संभव आहे. अखेरचे चार प्रश्न तर केवळ कामजीवन चालू असणाऱ्यांसाठीच आहेत. मुलासमोर बसलेल्या वृद्ध पित्याने ते टाळल्यास नवल नाही. म्हणजे वैद्य जितका अबोल, तितकी त्रासाची नोंद कमी, असा विपरीत प्रकार घडू शकतो.

प्रमाण मराठीच्या जागी वऱ्हाडी शब्द योजल्याने हा दोष दूर होणार नाही. कारण तो भाषांतराचा नसून संवादाचा आहे. प्रश्नावलीपूर्वी रुग्णास एकांतात काय सांगितले, याची नोंद उत्तरांशेजारी असल्याखेरीज त्या अंकांना जीवनमानाचे माप म्हणणे धाडसाचे होईल.