एका पावतीचे रसग्रहण

सदर कृती मला रत्नागिरीतल्या एका मोठ्या दुकानाच्या आवारात मिळाली. पृष्ठे १, किंमत रुपये २०. आत मी घेतली होती पापडखाराची पुडी, रुपये १२.

लेखक अनामिक आहेत. सुरुवातीला 'वाहनतळ शुल्क' असे ठणकावतात. शेवटी मात्र, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा टायपात, 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' म्हणून मोकळे होतात. म्हणजे पैसा त्यांच्या गल्ल्यात, काळजी आमच्या गळ्यात!

पावती फाडणाऱ्या पोराला विचारलं, "गाडी राखणार नसशील तर वीस रुपये कसले रे?"

"जागेचे, काका."

"मग जागेवर तरी लक्ष ठेव हो. पळवील कोणी!"

या ओळीचे परीक्षण खुद्द सर्वोच्च न्यायालयानेही केले आहे. १९९८ साली दिल्लीच्या ताज महाल हॉटेलातून एका पाहुण्याची मारुती झेन चोरीस गेली. किल्ली हॉटेलच्या माणसाने घेतलेली, आणि पावतीवर हीच मखलाशी. २०१९ साली न्यायालयाने सांगितले, गाडी ताब्यात घेतलीत, आता या ओळीच्या आड हलगर्जीपणा लपवता येणार नाही.

माझी किल्ली माझ्याच खिशात होती. तेव्हा तो निकाल मला जसाच्या तसा लागू नाही, हे कबूल. तरी तक्रारवहीत लिहिलं, 'शेवटची ओळ गाळा, नाहीतर पैसे परत करा.'

मॅनेजरांनी सावकाश वाचलं. म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो काका तुमचं!"

वीस रुपये गेले ते गेलेच. मालकाच्या जबाबदारीवर.