दृष्टिमापन आणि अवधान : ‘सावकारी पाश’च्या निमित्ताने

प्रेक्षकाचे डोळे कलाकृतीच्या कोणत्या भागावर किती वेळ स्थिरावतात, हे नोंदविणारी यंत्रे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आता चित्रपट आणि वाचन यांच्या अभ्यासात आली आहेत. ‘येथे नजर खिळून राहते’ असे विधान समीक्षक आजवर स्वतःच्या अनुभवाच्या बळावर करीत आला. आता ते पडताळून पाहता येते. या पडताळणीकडे पाठ फिरविणे समीक्षेला शोभणारे नाही. मात्र यंत्राची नोंद हेच आस्वादाचे प्रमाण मानले, तर समीक्षेचे कार्यच संपुष्टात येते.

या मापनात डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकला जातो. बाहुलीचा मध्य आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलावरून परावर्तित होणारा प्रकाशबिंदू यांच्या परस्परस्थानावरून नजरेची दिशा निश्चित केली जाते. स्थिर चित्र पाहताना नजर सलग सरकत नाही. ती क्षणभर थांबते आणि झेप घेऊन दुसरीकडे जाते. झेपेच्या काळात जवळजवळ काहीच टिपले जात नाही. म्हणजे डोळ्यांना चित्र तुकड्यांनीच मिळते. त्याची अखंडता पाहणाऱ्याने घडविलेली असते. यंत्र तुकड्यांची नोंद करते, घडविण्याची नव्हे.

रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांच्या १९६५च्या ग्रंथातील प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. इल्या रेपिन यांच्या चित्रात दीर्घकाळाने अनपेक्षितपणे घरी परतलेला एक माणूस दिसतो. यार्बुस यांनी हे एकच चित्र एकाच प्रेक्षकाला वेगवेगळे प्रश्न देऊन दाखविले. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती कशी आहे, व्यक्तींची वये काय असावीत, आलेला माणूस किती काळ दूर होता, अशा प्रत्येक प्रश्नागणिक नजरेचा मार्ग बदलला. चित्र तेच, डोळे तेच. बदलला तो प्रश्न. समीक्षाही प्रेक्षकाच्या हाती असा प्रश्न देत असते. नजरेचा मार्ग घडविण्यात तिचा वाटा असतो, हे या प्रयोगाचे समीक्षेच्या दृष्टीने फलित होय.

हा विचार कोल्हापूरच्या चित्रपटपरंपरेला लावून पाहता येतो. चित्रकार म्हणून घडलेल्या बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पुढे १९३६ साली पेंटर यांनी त्याच विषयावर बोलपट केला. जे. बी. एच. वाडिया यांच्या आठवणीत या बोलपटातील एक दृश्य कायमचे राहिले : मंद प्रकाशात दुरून टिपलेली उदास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे.

असे दृश्य यंत्रासमोर ठेवले तर काय हाती लागेल? अंधुक चौकटीत नजरेला विसावा देणारे फारसे काही नाही. नोंदीत कदाचित झोपडीभोवती काही ठिपके दिसतील. पण त्या झोपडीचे उजाडपण गहिरे करणारा आवाज नजरेच्या मार्गात उमटत नाही. कुत्रे रडणे अशुभ, हा संकेत ज्याच्या अंगवळणी पडला आहे आणि ज्याच्या नाही, अशा दोघांची नजर एकाच ठिकाणी थांबू शकेल. त्यांनी पाहिलेले दृश्य मात्र एक नसेल. नजर स्थिर ठेवूनही अवधान अन्यत्र नेता येते, हे हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. तेव्हा नजरेचे स्थान हे अवधानाचे चिन्ह आहे. ते अवधान नव्हे, आणि अर्थ तर नव्हेच.

यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. वाचककेंद्री समीक्षेतील ‘वाचक’ हा पुष्कळदा समीक्षकाचीच प्रतिच्छाया असतो. प्रत्यक्ष माणसांच्या नजरा त्याच्या अपेक्षेप्रमाणे चालत नाहीत असे आढळले, तर त्या वाचकाविषयीची विधाने त्याला तपासून घ्यावीच लागतील. ही शिस्त इष्टच आहे. परंतु नजर जेथे थांबली तेथे काय घडले, हा प्रश्न नोंद पूर्ण झाल्यावरच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही.