पंडितवाद की राजवाद? : ‘मिलिन्दपञ्हा’तील आचार्यधर्म आणि उच्च शिक्षणातील समता

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मिलिंद’ हे नाव दिले आणि त्याच्या परिसराला ‘नागसेनवन’ म्हटले, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. परंतु नाव नित्य उच्चारले जाते, ग्रंथ मात्र क्वचितच उघडला जातो. उघडला तरी रथाचा दृष्टान्त, अनात्मवाद आणि पुनर्भवाची चर्चा एवढ्यावरच आपली दृष्टी थांबते. ज्याच्या हाती अधिकार आहे तो आणि जो शिकू इच्छितो तो, या दोघांचे नाते कसे असावे याविषयी त्या ग्रंथात दोन महत्त्वाची स्थळे आहेत. एका विद्यासंस्थेला या ग्रंथातील नाव देण्याचे औचित्य, आमच्या मते, या दोन स्थळांत सर्वाधिक स्पष्ट होते. आज विद्यापीठांतून समतेची भाषा मोठ्या प्रमाणावर बोलली जात असता ही स्थळे पुन्हा तपासणे अगत्याचे आहे.

पहिले स्थळ संवादाच्या आरंभीचे आहे. राजा चर्चेची इच्छा व्यक्त करतो, तेव्हा नागसेन स्थविर तिला एक अट घालतात. चर्चा पंडितांच्या रीतीने होणार असेल तर ते बोलतील, राजांच्या रीतीने होणार असेल तर बोलणार नाहीत. पंडितांच्या वादात मुद्दा गुंडाळला जातो, उलगडला जातो, खंडन होते, दुरुस्ती होते, आणि तरीही पंडित रागावत नाहीत. राजा मात्र एक गोष्ट ठरवून टाकतो आणि जो ती मान्य करीत नाही त्याला दंड फर्मावतो. पंडितवाद आणि राजवाद हा भेद पाली वाङ्मयातील एक मौलिक भेद होय.

या अटीचे मर्म पाहावे. येथे सत्ता राजाकडे आहे. नागसेनांच्या हाती पिंडपात्राशिवाय काही नाही. म्हणजे निःशस्त्र पक्षाने सशस्त्र पक्षाला घातलेली ही अट आहे. ती केवळ सौजन्याची मागणी नव्हे. मतभेद आणि शिक्षा यांचा संबंध तोडून टाकावा, ही ती मागणी आहे. राजा ती स्वीकारतो आणि वर म्हणतो की, भदन्तांनी एखाद्या भिक्षूशी, श्रामणेराशी, उपासकाशी किंवा विहारातील सेवकाशी बोलावे तितक्याच मोकळेपणाने आपल्याशी बोलावे. विहाराचा सेवक आणि सागल नगरीचा राजा यांना संभाषणापुरते एका पंक्तीस बसविल्याखेरीज ज्ञानाचा व्यवहार सुरूच होत नाही, असा याचा अर्थ आहे. समता ही विद्येचे फळ म्हणून पुढे केव्हातरी यावयाची नसून विद्येची पूर्वअट म्हणून आधीच असावी लागते.

दुसरे स्थळ ‘मेण्डकपञ्हा’च्या आरंभी येते. तेथे आचार्याचे पंचवीस गुण सांगितले आहेत. ते आचार्य सांगत नाही. राजा, म्हणजे त्या प्रसंगी शिष्य झालेला माणूस, सांगतो, ही विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. आचार्याने कसे वागावे याची सूची शिष्याच्या तोंडून येते आणि नागसेन तिला उद्धटपणा म्हणत नाहीत. उलट ते उपासकाचे दहा गुण सांगून कर्तव्याची दुसरी बाजू पूर्ण करतात. कर्तव्ये दोहोंकडे आहेत आणि दोघांनाही एकमेकांकडे ती मागण्याचा अधिकार आहे.

या पंचवीस गुणांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग जाणण्याचा. शिष्याला निजावयास जागा आहे की नाही, तो आजारी आहे काय, त्याला जेवण मिळाले की नाही, तो कोणाच्या संगतीत आहे, हे आचार्याने जाणले पाहिजे. आपल्या पात्रात जे पडले त्याचा वाटा त्याला दिला पाहिजे. दुसरा वर्ग शिकविण्याचा. आचार्याने आस्थेने, खंड न पाडता, काहीही लपवून न ठेवता आणि काहीही शिल्लक न ठेवता शिकवावे. हा मागे पडणार नाही यासाठी काय करावे, असा विचार मनात बाळगावा. तिसरा वर्ग पाठीशी उभे राहण्याचा. शिष्य घाबरला तर त्याला धीर द्यावा, त्याचा दोष दिसला तर सहनशीलता ठेवावी, तो घसरला तर धम्माने सावरावे आणि संकटात त्याला सोडू नये. या सूचीत शिष्याच्या कुळाची, वर्णाची किंवा पूर्वसंस्कारांची चौकशी कोठेही नाही. चौकशी आहे ती जेवणाची आणि झोपेची.

येथे आमचा एक प्रमाद नमूद करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी पालीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे नाव आम्ही अपुऱ्या उपस्थितीच्या कारणास्तव परीक्षेच्या यादीतून वगळले. नियम आमच्या बाजूने होता. तो विद्यार्थी रात्रभर एका गोदामावर पहारेकरी म्हणून उभा राहत असे आणि सकाळचा तास त्याच्या झोपेचा असे, हे आम्हांस नंतर कळले, तेव्हा वर्ष निघून गेले होते. त्याच सत्रात आम्ही ‘मिलिन्दपञ्ह’ शिकवीत होतो. आचार्याने शिष्याच्या झोपेची सोय जाणावी हे वाक्य आम्ही व्याकरणासह समजावून दिले होते. ज्याला ते लागू पडत होते तो वर्गात नव्हता. ग्रंथ मुखोद्गत असणे आणि आचरणात असणे यांतील अंतर आम्ही तेव्हापासून विसरलेलो नाही.

असे असले तरी ‘मिलिन्दपञ्हा’ची मर्यादाही सांगितली पाहिजे. तेथे कर्तव्याची मागणी करणारा शिष्य स्वतः राजा आहे. त्याची मागणी ऐकली जाणारच. ज्याच्या पाठीशी राज्य नाही, घरी शिकलेले माणूस नाही आणि हाती शुल्काचे पैसे नाहीत, त्याने मागणी केली तर काय? त्या पंचवीस गुणांत याचे उत्तर नाही. ते शोधण्यासाठी विनयाकडे वळावे लागते.

विनयपिटकातील महावग्गात उपाध्यायाची सद्धिविहारिकाविषयीची कर्तव्ये तपशिलाने आली आहेत. शिष्याजवळ पात्र वा चीवर नसेल आणि उपाध्यायाजवळ असेल, तर ते द्यावे. शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करावी. दातवण आणि तोंड धुण्याचे पाणीही आणून द्यावे. त्याचे मन उदास झाले तर ती उदासी दूर करावी किंवा दुसऱ्याकरवी करवावी. जो शिष्य योग्य वर्तन करीत आहे त्याला घालवून दिले तर दोष उपाध्यायाला लागतो, दुक्कटाची आपत्ती त्याच्यावर येते. घालविलेल्या शिष्याने क्षमा मागितल्यावर ती नाकारली तरीही दोष उपाध्यायाचाच. येथे समता ही वरिष्ठाच्या अंतःकरणावर सोडलेली नाही. तिच्या उल्लंघनाला नाव आहे आणि ते वरिष्ठाच्या खाती लिहिले जाते.

त्याहूनही बोलके असे एक कर्तव्य आहे. संघ शिष्यावर तर्जनीय, प्रव्राजनीय किंवा उत्क्षेपणीय असे दंडकर्म करू इच्छीत असेल, तर ते होऊ नये अथवा सौम्य व्हावे यासाठी उपाध्यायाने प्रयत्न करावा. संघ दंड देऊ शकतो. परंतु त्या दंडासमोर शिष्य एकटा उभा राहत नाही. हैदराबाद विद्यापीठातील आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढण्यात आले आणि त्यांपैकी रोहित वेमुला याने १७ जानेवारी २०१६ रोजी आपले जीवन संपविले. त्या प्रकरणातील कायद्याचे वाद येथे आणावयाचे नाहीत. आम्ही एवढेच विचारतो की, त्या पाचांवर दंडकर्म होत असता त्यांच्या बाजूने उभे राहणे हे कोणाचे विहित कर्तव्य होते? आपल्या विद्यापीठांच्या नियमांत मार्गदर्शक प्राध्यापकावर असे कर्तव्य लादलेले आढळत नाही.

विनयाची थोरवी सांगताना त्याचे दोष झाकणे हे पालीच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. ज्या महावग्गात उपाध्यायाचा धर्म आहे, त्याच महावग्गात ऋणको, दास आणि राजसेवक यांना प्रव्रज्या नाकारली आहे. हातपाय तुटलेले, कुबडे, लंगडे, आंधळे, बहिरे यांनाही दार बंद केले आहे. भिक्षुणींवर लादलेले गरुधम्म सर्वश्रुत आहेत. न्हावी असलेल्या उपालीला शाक्यपुत्रांच्या आधी प्रव्रज्या देऊन कुळाचा अभिमान मोडणारा संघ आणि अपंगाला परत पाठविणारा संघ, हे दोन्ही एकाच पिटकात आहेत. बाबासाहेबांनी परंपरा तपासून घेतली, डोक्यावर घेतली नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ची रचना याची साक्ष देते. आपणही विनयापासून वरिष्ठाचे उत्तरदायित्व घ्यावे, बंद दारांची यादी घेऊ नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या. या बाबतीत आजचा कायदा विनयाच्या पुढे गेला आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आता आधुनिक नियमग्रंथ तपासू. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली आणि २००७ साली अहवाल दिला. प्रा. थोरात हे मिलिंद महाविद्यालयाचेच विद्यार्थी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. शिक्षकांकडून मिळणारा वेळ, परीक्षेतील वागणूक आणि वसतिगृहातील वेगळेपण यांची त्या अहवालाने नोंद घेतली. म्हणजे प्राचीन सूचीतील जाणणे, शिकविणे आणि पाठीशी राहणे हे तिन्ही वर्ग येथे अभावरूपाने दिसतात. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतावर्धनाचे विनियम केले. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद त्यांत आहे. तरतूद स्वागतार्ह होती. परंतु तो अधिकारी त्याच संस्थेतील आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध अपील त्याच संस्थेच्या प्रमुखाकडे, अशी ती रचना आहे. राजाविरुद्धची तक्रार राजाकडेच न्यावयाची, तर पंडितवाद कोठे उरला? २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी त्यांच्या आणि रोहितच्या मातांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, यातच त्या विनियमांची समीक्षा आहे. नियम बदलतील, नवे येतील, न्यायालयात तपासले जातील. आमची कसोटी एवढीच राहील की, भेदभाव झाल्यास दोष कोणाच्या नावावर लिहिला जातो? विद्यार्थ्याच्या, की संस्थाप्रमुखाच्या?

बाबासाहेबांनी संस्था काढल्या तेव्हा हे प्रश्न त्यांनी रचनेतूनच सोडविले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळी वर्ग ठेवले गेले. विद्यार्थ्याच्या झोपेचा आणि पोटाचा विचार वेळापत्रकातच उतरला होता. मराठवाड्यातील खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी मिलिंदच्या परिसरात वसतिगृहे उभी राहिली. तेथे प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखा दलितेतर समाजातील माणूस विद्यार्थ्यांत मिसळून ‘युगयात्रा’ हे नाटक लिहीत होता. पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद डॉ. म. ना. वानखेडे यांनी भूषविले आणि तेथील विद्यार्थ्यांना स्वतःच्या शब्दांवर विश्वास ठेवण्यास शिकविले. नेतृत्व कोणत्या जातीचे, हा प्रश्न गौण नाही. परंतु नेतृत्व कोणत्या रीतीचे, हा प्रश्न त्याहून मूलगामी आहे.

हा प्रश्न आपणांसही टाळता येणार नाही. परक्यांच्या विद्यापीठांतील राजवाद आपण चटकन ओळखतो. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांत विद्यार्थ्याने हिशेब विचारला, कंत्राटी अध्यापकाने वेतन मागितले, भगिनींनी व्यवस्थापनात स्थान मागितले, तर त्यांना कोणत्या रीतीने उत्तर मिळते? तेथे मुद्दा उलगडला जातो, की दंड फर्मावला जातो? आपल्या घरात पंडितवाद नसेल, तर बाहेर तो मागण्याचा आपला स्वर क्षीण होतो.

मिलिंदाचे मोठेपण त्याच्या विजयांत नाही. त्याने निःशस्त्र माणसाची अट मान्य केली आणि संभाषण संपेपर्यंत ती पाळली, म्हणून त्याचे नाव एका महाविद्यालयाला देण्यास योग्य ठरले. कुलगुरूंनी, प्राचार्यांनी, विभागप्रमुखांनी आणि आमच्यासारख्या सामान्य अध्यापकांनी आपापल्या आसनावर बसण्यापूर्वी ही अट वाचावी. आज आपल्या वर्गात कोण अनुपस्थित आहे आणि तो रात्री कोठे झोपला, एवढे विचारण्यापासून आरंभ करता येईल.