‘शारदा’ आणि मोडतां येणारा निश्चय

देवलांचें ‘शारदा’ नाटक १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यावर एक आक्षेप घेतां येण्यासारखा आहे. ऐन लग्नांत वधूवर सगोत्र असल्याचें उघडकीस यावें आणि लग्न मोडावें, हा निव्वळ योगायोग. पेंच सोडवितां येईना, म्हणून नाटककारानें दैवाला हांक मारली. आमच्या मतें मात्र नाटकाचें मर्म ह्या योगायोगांतच आहे.

सप्तपदी पुरी होईपर्यंत विवाह पूर्ण होत नाहीं, हें शास्त्र त्या मांडवांतील जाणत्यांस ठाऊक असणारच. म्हणजे सातव्या पावलापर्यंत परत फिरण्याची वाट मोकळी होती. प्रश्न इतकाच कीं, त्या वाटेनें फिरण्याचा अधिकार कोणाचा? कांचनभटाचा होता, पण त्याला पैसा हवा होता. भुजंगनाथाचा होता, पण त्याला म्हातारपणीं बायको हवी होती. गोत्राचाहि होता. शारदेचा तेवढा नव्हता. तिच्या अश्रूंनीं जें लग्न थांबलें नाहीं, तें गोत्राच्या नुसत्या उच्चारानें थांबलें! ह्याहून कठोर टीका देवलांनीं भाषणें घालून केली असती काय?

लग्न मोडलें तें इतरांनीं. मोडल्याचें ओझें मात्र तिच्या माथीं. ती जीव द्यावयास निघते, कोदंड तिला वांचवितो, आणि शेवटीं शंकराचार्यांच्या अनुज्ञेनें मार्ग मोकळा होतो. येथेंहि सप्तपदी झाली नव्हती हाच आधार; तिची इच्छा दुय्यमच. ह्या ठिकाणीं देवलांची धांव थोडी तोकडी पडते, हें आम्ही नाकारीत नाहीं.

पुढें १९४६ च्या कायद्यानें सगोत्र विवाहावरील बंधन उठलें; ज्या दारानें शारदा सुटली, तें दारच राहिलें नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें, जेथें सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथें, सातव्या पावलाचें महत्त्व कायम ठेवलें. पण त्यानें दुसरें एक दार उघडलें. संमति बळानें किंवा कपटानें घेतलेली असेल, तर विवाह रद्द करून मागण्याचा हक्क जिच्यावर अन्याय झाला तिच्या हातीं आला. त्याला मुदत घातली ती बळ संपल्यापासून वा कपट कळल्यापासून एक वर्षाची.

मोडतां येणारा निश्चय म्हणजे कच्चा निश्चय, ही समजूत आम्हांस चुकीची वाटते. ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक असूनहि जें ‘होय’ टिकतें, त्यालाच संमति म्हणावें. शारदेला ती मोकळीक कोणींच दिली नाहीं. म्हणूनच सर्व गोड झाल्यावरहि आमच्या मनांत एक प्रश्न उरतो: त्या दोन घराण्यांचीं गोत्रें निराळीं असतीं तर?