किल्ली कोणाकडे? : ‘प्रार्थनासमाजाचा इतिहास’ पुन्हा वाचताना

मी धर्माचा अभ्यासक नाही. पंचवीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. त्या कामाने एक खोड लागली. नवं पंपहाउस दाखवलं की उद्घाटनाच्या फरशीपेक्षा देखभालीचं रजिस्टर आधी मागावंसं वाटतं. द्वा. गो. वैद्य यांचा ‘प्रार्थनासमाजाचा इतिहास’ (१९२७) मी याच खोडीने वाचला. तो कसा वाचावा, याबद्दल थोडं.

मुंबईत ३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. एकच ईश्वर, मूर्तिपूजा नाही आणि वंशपरंपरेचा पुरोहित नाही, ही त्याची घडण. आता पुरोहित नाही म्हटल्यावर उपासना चालवायची कोणी? उत्तर साधं होतं : सभासदांनीच. न्या. रानडे कोर्टातले, डॉ. भांडारकर कॉलेजातले, वामन आबाजी मोडक शाळेतले. आठवडाभर नोकरी करायची आणि रविवारी वेदीवर बसायचं. १८७३ मध्ये ‘सुबोध पत्रिका’ निघाली, १८७४ मध्ये गिरगावात मंदिर उभं राहिलं, १८७६ पासून कामगारांसाठी रात्रीच्या शाळा सुरू झाल्या. हा सगळा भार संसारी, नोकरदार माणसांनी फावल्या वेळात उचलला.

वैद्य स्वतः याच घरातले. ‘सुबोध पत्रिके’चं काम केलेले. त्यामुळे संस्था, माणसं, उपक्रम एका जागी मिळतात, हा या ग्रंथाचा मोठा उपकार. पण आतल्या माणसाने लिहिलेल्या इतिहासाला एक मर्यादा असते. घरातली कुरकुर तो हलक्या आवाजात सांगतो. त्यात आपणही हा ग्रंथ थोरांच्या नामावलीसारखा वाचतो. रानडे आले, भांडारकर आले, चंदावरकर आले, की पुस्तक मिटतो. आसनं कोणी मांडली, वर्गणी कोणी गोळा केली, हे आपण विचारतच नाही.

तसं विचारत वाचलं तर जुन्या गोष्टी नव्याने दिसतात. उदाहरणार्थ, बदल्या. १८७१ मध्ये रानड्यांची बदली पुण्याला झाली, पुढे भांडारकरही डेक्कन कॉलेजात गेले. मुंबईचं नुकसान, पण पुण्याच्या समाजाला बळ. म्हणजे सरकारी बदलीचा हुकूम नकळत धर्मप्रसाराचं काम करत होता! पण जो माणूस हुकुमाने येतो तो हुकुमाने जातोही. मागे कोण उरतं, यावर संस्था टिकते.

दुसरी बाजू कळायला विठ्ठल रामजी शिंदे यांचं ‘माझ्या आठवणी व अनुभव’ शेजारी ठेवावं. जमखंडीचा हा तरुण ब्रिटिश युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेला. प्रवासखर्चाला आपल्या सयाजीराव महाराजांनी हातभार लावला, हे बडोदेकरांनी तरी विसरू नये. १९०३ मध्ये परत येऊन शिंदे मुंबई समाजाचे प्रचारक झाले आणि समाजाच्या आवारातच राहू लागले. आता चित्र बदललं. एकीकडे रविवारी दोन तास देणारे प्रतिष्ठित गृहस्थ, दुसरीकडे आठही प्रहर त्याच कामात असलेला माणूस. दोघांची निष्ठा खरी, पण घड्याळं वेगळी. शिंद्यांना अस्पृश्यांच्या वस्तीत जायची घाई होती. समाजातल्या बहुतेकांना आपापली जात आणि घर सांभाळून जेवढं पुढे जाता येईल तेवढंच जायचं होतं.

तरीही १८ ऑक्टोबर १९०६ रोजी डिप्रेस्ड क्लासेस मिशन निघालं ते याच मंडळींच्या आधारावर. चंदावरकर अध्यक्ष, शिंदे चिटणीस. शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी हजार रुपये दिले. शिंद्यांची बहीण जनाबाई प्रत्यक्ष कामाला लागल्या. माझ्या मते समाजाच्या इतिहासातला हा सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग आहे. अध्यक्षाचं वजन, शेठजींचे पैसे, चिटणिसाची पायपीट आणि बहिणीचे कष्ट, यांतलं एक काढलं तर बाकीचं कोसळतं. आपले इतिहास मात्र यातल्या पहिल्या दोघा-तिघांपाशीच थांबतात.

हे सगळं सांगायला एक घरचं कारणही आहे. आपल्याच गावातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाचा मी काही वर्षं खजिनदार होतो. शताब्दीला सभागृह भरलं, संस्थापकांच्या तसबिरीला हार घातले. पुढच्या वार्षिक सभेत चिटणीसपदासाठी एकही हात वर झाला नाही. संध्याकाळी कुलूप उघडायचे ते काका आजारी पडले आणि आठवडाभर दार बंद. किल्ली कुठे असते हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही! त्या आठवड्याची शरम अजून गेलेली नाही.

म्हणून वैद्यांचा ग्रंथ वाचाच, पण शेजारी वही घेऊन. प्रत्येक थोर नावासमोर एक प्रश्न लिहा : हे गावाला गेले की दिवाबत्ती कोण बघत होतं? काही ठिकाणी उत्तर मिळेल, बऱ्याच ठिकाणी रकाना कोरा राहील. ते कोरे रकाने भरणं हे आपल्यासारख्या हौशी मंडळींचं काम. आणि आपापल्या गावातली मराठी मंडळं, वाचनालयं, भजनीमंडळं यांची इतिवृत्तं वाळवीने खाण्याआधी आपण बाहेर काढली, तर पुढच्या माणसाला निदान किल्ली कोणाकडे होती एवढं तरी कळेल.