दीर्घ खेळमालिकेतील प्रारंभबिंदूचा प्रश्न : ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या संदर्भात

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, खेळमालिका, प्रारंभबिंदू, कथाकालक्रम, प्रकाशनक्रम, आस्वाद.

प्रस्तावना

दीर्घ रचनेचा आस्वाद कोठून सुरू करावा, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. काही जण मनूपासून, काही आस्तीकाच्या आख्यानापासून, तर काही उपरिचर राजाच्या कथेपासून भारताचे अध्ययन करतात, असा उल्लेख महाभारताच्या आदिपर्वातच आढळतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीनेही हा उल्लेख संहितेत कायम ठेवला आहे. ग्रंथाची सुरुवात एकच असते हे गृहीतक किती तकलादू आहे, याची ही जुनी साक्ष म्हणता येईल.

व्हिडिओ गेम या माध्यमात हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उपस्थित होतो. कादंबरीचा वाचक कंटाळला तर पाने उलटू शकतो. खेळाडूला मात्र अडलेल्या जागेवरून पुढे जाण्यासाठी ते स्थळ स्वतः पार करावे लागते. त्यामुळे चुकीच्या ठिकाणी केलेली सुरुवात ही पुष्कळदा शेवटची सुरुवात ठरते. ज्या अध्यापकाला या माध्यमाचा गांभीर्याने विचार करावयाचा आहे, त्याच्या बाबतीत हा धोका दुहेरी असतो. पहिल्या दोन तासांत हाती काही लागले नाही, तर तो एका खेळाबरोबरच संपूर्ण माध्यमाविषयी प्रतिकूल मत बनवितो. प्रस्तुत लेखात ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या जपानी खेळमालिकेच्या आधारे प्रारंभबिंदू निवडण्याच्या प्रचलित निकषांची चिकित्सा केली असून एक निश्चित पर्याय मांडला आहे.

मालिकेचा विस्तार

शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला या मालिकेतील पहिला खेळ निन्टेंडो या क्योतो येथील कंपनीने २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये प्रकाशित केला. बालपणी सोनोबे परिसरातील डोंगर, रानवाटा आणि गुहा धुंडाळताना आलेला अनुभव या खेळामागे असल्याचे मियामोतो यांनी वेळोवेळी सांगितले आहे. पुढे ‘अ लिंक टू द पास्ट’ (१९९१), ‘लिंक्स अवेकनिंग’ (१९९३), ‘ऑकरिना ऑफ टाइम’ (१९९८), ‘मेजोराज मास्क’ (२०००), ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ (२००६), ‘स्कायवर्ड सोर्ड’ (२०११), ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७), ‘टीअर्स ऑफ द किंग्डम’ (२०२३) आणि ‘एकोज ऑफ विज्डम’ (२०२४) असे सुमारे वीस प्रमुख खेळ प्रकाशित झाले. लिंक नावाचा नायक, झेल्डा ही राजकन्या, गॅनन हा प्रतिनायक आणि हायरूल हे राज्य ही सामग्री बहुतेक खेळांत पुन्हा पुन्हा येते. मात्र बहुतांश खेळांतील लिंक निराळा आहे, त्याचा काळ निराळा आहे. आपल्याकडील अवतारकल्पनेशी हे नाते सांगणारे आहे : रूप पालटते, कार्य तेच राहते.

या पुनरावृत्तीमुळे प्रत्येक खेळ स्वतंत्रपणे कळू शकतो. तरीही प्रत्येक खेळ आधीच्या खेळांच्या स्मृतीवर कमीअधिक प्रमाणात विसंबून असतो. प्रारंभाचा प्रश्न या दोन गोष्टींच्या ताणातून निर्माण होतो.

कथाकालक्रमाचा निकष

पहिला आणि वरकरणी सर्वांत तर्कशुद्ध वाटणारा निकष म्हणजे कथेतील काळाचा क्रम. डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये प्रकाशित झालेल्या ‘हायरूल हिस्टोरिया’ या ग्रंथाने या क्रमाला अधिकृत रूप दिले. त्यानुसार ‘स्कायवर्ड सोर्ड’ हा कथेचा आरंभ ठरतो. ‘ऑकरिना ऑफ टाइम’च्या शेवटी काळाचे तीन फाटे फुटतात : नायक पराभूत झाला तो, नायक बालपणात परतला तो, आणि प्रौढ नायकाचा विजय झाल्यानंतरचा. या मांडणीत १९८६ चा पहिला खेळ पराभवाच्या फाट्यावर जवळजवळ अखेरीस येतो.

हा क्रम प्रारंभासाठी स्वीकारण्यात तीन अडचणी आहेत. एक, तो पश्चात्बुद्धीने रचलेला आहे. २०१७ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्ञानकोशात काही खेळांची जागा बदलण्यात आली, तर २०१८ साली निन्टेंडोने ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ला कोणत्याही फाट्याशी न जोडता कालपटाच्या शेवटी अलग ठेवले. ज्या क्रमाची फेरमांडणी स्वतः प्रकाशकच करतो, त्याला आस्वादाचा पाया मानता येत नाही. दोन, ‘स्कायवर्ड सोर्ड’ हा उगमकथा सांगणारा खेळ आहे. मास्टर सोर्ड ही तलवार कशी घडली हे त्यात उलगडते. परंतु ती तलवार ज्याने पूर्वी अन्य खेळांत हाती धरलेली नाही, त्याच्या लेखी तो प्रसंग निव्वळ एका शस्त्राच्या निर्मितीचा ठरतो. उगमाचे महत्त्व उगमापासून दूर गेलेल्यालाच जाणवते. तीन, त्याची मूळ आवृत्ती वी या यंत्रावर हाताच्या हालचालींनी तलवार फिरविण्याच्या पद्धतीवर बेतलेली होती आणि फाय ही साहाय्यक व्यक्तिरेखा वारंवार सूचना देई. २०२१ च्या सुधारित आवृत्तीत बटणांचा पर्याय देण्यात आला आणि सूचनाही कमी करण्यात आल्या, परंतु पहिल्या दोन अडचणी कायमच आहेत.

सी. एस. लुइस यांच्या नार्निया मालिकेचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. १९५० साली प्रथम आलेली कादंबरी मागे सारून १९५५ च्या पूर्वकथेला पहिला क्रमांक देणाऱ्या आवृत्त्या १९९४ पासून रूढ झाल्या. कथा सरळ झाली, परंतु कपाटातून अज्ञात जगात पाऊल पडण्याचा विस्मय पुष्कळसा हरवला.

प्रकाशनक्रम, नवीनता आणि श्रेष्ठता

दुसरा निकष प्रकाशनक्रमाचा. तो प्रामाणिक आहे; मालिकेचा विकास जसा झाला तसाच तो खेळाडूसमोर ठेवतो. परंतु १९८६ च्या खेळात पहिल्याच पडद्यावर कोणतीही सूचना नाही. वाटा तीन दिशांना फुटतात आणि समोर गुहा असते. गुहेतील वृद्ध लाकडी तलवार देतो. पण त्या गुहेकडे दुर्लक्ष करून निःशस्त्र पुढे जाण्याचीही मुभा असते. एकशे अठ्ठावीस पडद्यांच्या त्या भूप्रदेशात पुढील वाट कोठे आहे, हे जाळलेल्या झुडपामागे किंवा फोडलेल्या खडकामागे दडलेले असते. आजच्या नवागताला हे स्वातंत्र्य वाटण्याऐवजी परित्याग वाटण्याचा संभव अधिक. १९८७ च्या दुसऱ्या खेळाने तर बाजूने दिसणारी लढाई आणि अनुभवगुण यांची निराळीच पद्धत स्वीकारली. प्रकाशनक्रमाने जाणारा खेळाडू अशा रीतीने मालिकेच्या सर्वांत दुर्गम आणि सर्वांत अपवादात्मक अशा दोन खेळांना आरंभीच सामोरा जातो.

तिसरा निकष नवीनतेचा. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या तीन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत, हे ध्यानात घेता आजचे अनेक खेळाडू याच दाराने आत आले असणार. हे दार प्रशस्त आहे यात शंका नाही. आरंभीच्या पठारावर खेळाडूला आवश्यक ती प्रमुख साधने मिळतात आणि तेथून उतरताच तो थेट अंतिम शत्रूकडे जाऊ शकतो. परंतु या खेळाचे मोठेपण एका नकारात आहे. आधीच्या खेळांत अमुक साधन मिळाल्याशिवाय तमुक वाट उघडत नसे. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि निर्माते एइजी आओनुमा यांनी हा संकेत हेतुपुरस्सर मोडला. जो संकेत खेळाडूला ठाऊकच नाही, त्याचा भंग त्याला जाणवणार कसा? शिवाय येथून मागे जाणे कठीण होते. वाटेल त्या कड्यावर चढण्याची सवय झालेल्याला जुन्या खेळांतील कमरेइतके कुंपणही अपमानास्पद वाटते. प्रारंभबिंदू म्हणून नवीनतम कृती निवडणे म्हणजे पूर्वपरंपरा सदोष ठरविणारी दृष्टी घेऊन त्या परंपरेकडे जाणे होय.

चौथा निकष श्रेष्ठतेचा. त्याचा आधार घेणारे ‘ऑकरिना ऑफ टाइम’कडे बोट दाखवितात. त्रिमिती अवकाशात शत्रूवर दृष्टी खिळवून ठेवण्याची त्याने रूढ केलेली पद्धत पुढे सर्वत्र स्वीकारली गेली. परंतु नेमक्या याच कारणास्तव आजच्या खेळाडूला ती विशेष भासत नाही. शोध सर्वमान्य झाला की शोधकाचे ऋण अदृश्य होते. हा खेळ तिसरा किंवा चौथा म्हणून खेळल्यास त्याचे माप नीट घेता येते.

उपलब्धतेचा अदृश्य निकष

या चारही निकषांच्या चर्चेत एक निकष सहसा अनुच्चारित राहतो. खेळाडू तोच खेळ प्रथम खेळतो, जो त्याला मिळू शकतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नव्हते. निन्टेंडोने २७ मार्च २०२३ रोजी वी यू आणि थ्रीडीएस या दोन यंत्रांवरील डिजिटल विक्री बंद केली. ‘विंड वेकर’ (२०१३) आणि ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ (२०१६) यांच्या सुधारित आवृत्त्या वी यूसाठीच निघाल्या होत्या. त्या दिवशी त्यांची नव्याने डिजिटल खरेदी करण्याची वाट बंद झाली.

जुनी कादंबरी ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात का होईना, पण उभी असते. खेळाची संहिता मात्र यंत्राशी बांधलेली असते आणि ते यंत्र मालकाच्या व्यापारनीतीशी. वाङ्मयात अभिजात कोण हे समीक्षक, अध्यापक आणि वाचक मिळून ठरवितात. येथे तो निर्णय बऱ्याच अंशी विक्रेत्याच्या हाती असतो. प्रारंभबिंदूची चर्चा करताना समीक्षेने हे वास्तव नजरेआड केल्यास तिची शिफारस कागदावरच राहील.

प्रस्तावित पर्याय

वरील चिकित्सेवरून प्रारंभीच्या खेळाकडून तीन अपेक्षा ठेवता येतात. त्याने आधीच्या खेळांची स्मृती गृहीत धरू नये. त्याने मालिकेचे व्याकरण पूर्णपणे आणि कृतीतून शिकवावे. आणि त्याच्यापासून मागे व पुढे दोन्हीकडे जाणे शक्य असावे. या तिन्ही अपेक्षा ‘अ लिंक टू द पास्ट’ हा १९९१ चा खेळ सर्वांत चांगल्या रीतीने पूर्ण करतो.

त्याची सुरुवात पावसाळी रात्री होते. बंदिवासातील राजकन्येची हाक लिंकला झोपेत ऐकू येते; काका तलवार घेऊन बाहेर पडतात आणि घरातच थांबण्यास बजावतात. खेळाडू घरातील पेटीतून दिवा घेतो, किल्ल्याच्या भुयारात उतरतो आणि तेथे जखमी काकांकडून तलवार त्याच्या हाती येते. शस्त्र, अंधार, गुप्त वाट आणि कर्तव्य या चार गोष्टींची ओळख व्याख्यानाविना होते. पुढे वाळवंटातील प्रासादात मिळालेल्या हातमोज्याने जड दगड उचलता येतात आणि त्यामुळे पर्वताची वाट मोकळी होते. कुलूप आणि किल्लीचे हे नाते हेच मालिकेचे मूळ व्याकरण होय. मध्यावर उजेडाच्या जगाचे काळोखे प्रतिरूप उघडते, तेव्हा खेळाडूला परिचित भूगोल नव्या अर्थाने पुन्हा वाचावा लागतो. पुनर्वाचनाची ही शिकवण पुढील सर्व खेळांना उपयोगी पडते.

या खेळाची कथा पहिल्या दोन खेळांतील लिंक आणि झेल्डा यांच्या पूर्वजांच्या काळात घडते; त्यामुळे आधीचे काहीही ठाऊक असण्याची आवश्यकता उरत नाही. सप्टेंबर २०१९ पासून तो निन्टेंडो स्विचच्या सभासदत्व सेवेत समाविष्ट आहे, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या पर्यायावर आक्षेप संभवतात. द्विमिती चित्रण आजच्या विद्यार्थ्याला जुनाट वाटेल, हा पहिला. परंतु जुनेपणा आणि दुर्बोधता या भिन्न गोष्टी आहेत. १९८६ चा खेळ दुर्बोध आहे, हा केवळ जुना आहे. काळोख्या जगात पोहोचल्यावर नवागत गोंधळतो, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र तेथे नकाशावर प्रासादांना क्रमांक दिलेले आहेत. क्रम सुचविला जातो, पूर्णतः लादला जात नाही. बहुसंख्य खेळाडू ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’पासून आरंभ करून समाधानी आहेत, हा तिसरा आक्षेप. ज्याला एकच खेळ खेळावयाचा आहे, त्याच्यापुरता तो मान्य करावा लागेल. प्रस्तुत विवेचन मालिका समजून घेऊ इच्छिणाऱ्यासाठी आहे.

अशा आस्वादकाने दुसरा खेळ म्हणून १९८६ च्या मूळ कृतीकडे जावे. आता व्याकरण अवगत असल्याने तिचे मौन अर्थपूर्ण वाटेल. त्यानंतर ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. या खेळाच्या घडणीत त्याच्या निर्मात्यांनी मूळ खेळासारखा दिसणारा द्विमिती नमुना तयार करून आपल्या कल्पना तपासल्या होत्या आणि २०१७ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये तो दाखविला होता. म्हणजे नवीनतेचा हा आविष्कार वस्तुतः आरंभाकडे परतणारा आहे. हे परतणे ज्याला दिसले, त्याला मालिका दिसली.

निष्कर्ष

१. कथेतील आरंभ, निर्मितीतील आरंभ आणि आस्वादातील आरंभ या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केल्याने नवागताची दिशाभूल होते.

२. अधिकृत कालक्रम हा आस्वादाचा परिपाक म्हणून उपयुक्त आहे, प्रवेशद्वार म्हणून नाही.

३. प्रारंभासाठी श्रेष्ठ किंवा नवीनतम कृतीपेक्षा मालिकेचे व्याकरण शिकविणारी कृती निवडणे श्रेयस्कर. झेल्डा मालिकेत ती ‘अ लिंक टू द पास्ट’ ही होय.

४. जुने खेळ खेळण्यायोग्य स्थितीत टिकले नाहीत, तर निवडीचा प्रश्नच निकालात निघेल. म्हणून त्यांच्या जतनाचा विचार खेळसमीक्षेच्या कक्षेत आणणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांनीही या दिशेने पाऊल उचलावे. अन्यथा पुढील पिढीच्या अभ्यासकाला कोठून सुरुवात करावी हे बाजार सांगेल, आणि ते पडताळून पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नसेल.